पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं? सिम्युलेशनमध्ये क्यूइंग डिले नीट कसा मोजायचा

नेट स्लो आहे असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा वायर स्लो नसते, आपलं पॅकेट कुठेतरी रांगेत उभं असतं. साधा हिशेब करून बघा. लिनक्समध्ये इथरनेट कार्डाच्या ट्रान्समिट क्यूची लांबी कित्येक वर्षं १००० पॅकेट धरलेली होती. आता समोरची लिंक १ एमबीपीएसची असेल आणि पॅकेट १५०० बाइटचं असेल तर एक पॅकेट बाहेर पडायला १२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ती क्यू पूर्ण भरली असताना शेवटी आलेल्या पॅकेटला १२ सेकंद थांबावं लागणार. बारा सेकंद! आणि आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) जी.११४ शिफारस सांगते की फोनवर बोलताना एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बहुतेक कामं नीट चालतात. प्रोग्रामर जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास याच फुगलेल्या बफरांबद्दल (पॅकेट रांगेत ठेवायच्या जागांबद्दल) बोलायला सुरुवात केली, बफरब्लोट हे नाव तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसलं.

यावर काम करायचं तर आधी हा उशीर मोजता आला पाहिजे, आणि खऱ्या नेटवर्कात ते कठीण असतं कारण दोन मशीनची घड्याळं कधी तंतोतंत जुळत नाहीत, मधल्या राउटरच्या आत डोकावता येत नाही. सिम्युलेटरमध्ये हे दोन्ही त्रास नाहीत. अख्ख्या नेटवर्कला एकच घड्याळ, आणि पाहिजे त्या क्यूच्या तोंडावर उभं राहून नोंद करता येते. म्हणून तर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या आणि एमईच्या कितीतरी प्रोजेक्टमध्ये एनएस-२ किंवा एनएस-३ हे नेटवर्क सिम्युलेटर असतं. पण इतकी सोय असूनही रिपोर्टात जो क्यूइंग डिले म्हणून आकडा येतो तो पुष्कळदा क्यूइंग डिले नसतोच. माझं म्हणणं एवढंच आहे की हा आकडा म्हणजे एकाच क्यूवर घेतलेल्या दोन वेळांची वजाबाकी, आणि त्या दोन वेळा नक्की कुठे घेतल्या आणि कुठली पॅकेटं मोजली हे आधी ठरवलं नाही तर पुढचे सगळे ग्राफ फुकट.

आधी उशिराचे तुकडे बघू. पॅकेट एका राउटरवरून पुढच्या राउटरवर जातं त्यात चार वेगवेगळे वेळ मिसळलेले असतात. राउटर हेडर बघून पॅकेट कुठे पाठवायचं ते ठरवतो, तो प्रोसेसिंगचा वेळ, आणि वायरच्या साध्या मॉडेलमध्ये सिम्युलेटर हा शून्यच धरतो. मग बाहेर जाणाऱ्या लिंकसमोर आपला नंबर येईपर्यंत थांबायचं, हा क्यूइंग डिले. नंबर आला की पॅकेटचे सगळे बिट लिंकवर ढकलायचे, हा ट्रान्समिशन डिले, पॅकेटची साइज भागिले लिंकचा वेग. आणि शेवटी सिग्नल वायरमधून पलीकडे पोचायचा वेळ, प्रोपगेशन. टोलनाक्याचा विचार करा, पुढच्या गाड्या निघेपर्यंत तुम्ही थांबता तो क्यूइंग, तुमची स्वतःची गाडी खिडकीशी पावती घेत असते तो ट्रान्समिशन, आणि नाका सुटल्यावरचा रस्ता म्हणजे प्रोपगेशन. या चारातला फक्त क्यूइंगचाच तुकडा गर्दीप्रमाणे बदलतो, साध्या वायरच्या लिंकवर बाकीचे तुकडे कागदावर काढता येतात. म्हणून एवढा जीव त्या एकाच तुकड्यात अडकलेला असतो.

आता एक खरं उदाहरण घेऊ. एनएस-२ शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने केलेलं ते चार नोडचं नेटवर्क. नोड ० आणि नोड १ हे पाठवणारे, नोड २ राउटर, नोड ३ घेणारा. ० ते २ आणि १ ते २ या लिंक २ एमबीपीएस आणि १० मिलिसेकंदांच्या, २ ते ३ ही अरुंद लिंक १.७ एमबीपीएस आणि २० मिलिसेकंदांची, आणि तिथे १० पॅकेटची ड्रॉपटेल क्यू, म्हणजे भरली की नवीन येणारं पॅकेट टाकून देणारी. नोड १ वरून सीबीआर, म्हणजे ठरावीक वेगाने येणारी १००० बाइटची पॅकेटं, १ एमबीपीएसने, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांना एक. नोड ० वरून टीसीपीवर एफटीपी. सीबीआर ०.१ सेकंदाला सुरू होतं, एफटीपी १ सेकंदाला.

ट्रेस फाईल (सिम्युलेटरने लिहिलेली घटनांची नोंद) उघडली की प्रत्येक ओळ एका घटनेची असते. पहिल्या रकान्यात + असेल तर पॅकेट क्यूशी आलं, - असेल तर क्यूतून निघालं, आर असेल तर पलीकडच्या नोडवर पोचलं, आणि डी असेल तर ड्रॉप झालं. दुसऱ्या रकान्यात वेळ, तिसऱ्या चौथ्यात कुठल्या नोडवरून कुठल्या नोडकडे, आणि सगळ्यात शेवटी, बाराव्या रकान्यात, पॅकेटचा स्वतःचा आयडी. समजा एका सीबीआर पॅकेटची २ ते ३ लिंकवरची + ओळ १.२५०००० सेकंदाची आहे, - ओळ १.२६८२०० ची आणि आर ओळ १.२९२९०६ ची. + पासून - पर्यंत १८.२ मिलिसेकंद, हाच त्या पॅकेटचा या राउटरवरचा क्यूइंग डिले. - पासून आर पर्यंत २४.७०६ मिलिसेकंद, त्यातले ४.७०६ ट्रान्समिशनचे (८००० बिट भागिले १७ लाख) आणि २० प्रोपगेशनचे, आणि १००० बाइटच्या प्रत्येक पॅकेटला इथे तेवढाच आकडा येणार, एका मायक्रोसेकंदाचाही फरक पडत नाही. आता कोणी + पासून आर पर्यंतची वजाबाकी केली तर ४२.९ येईल आणि ग्राफवर तो छान दिसेलही, पण त्यातले जवळपास २५ मिलिसेकंद क्यूचे नाहीत. असं करणारे बरेच दिसतात.

दुसरी पद्धत म्हणजे टोकापासून टोकापर्यंतचा एकूण उशीर घ्यायचा आणि त्यातून क्यू रिकामी असताना लागणारा वेळ वजा करायचा. आपल्या सीबीआर पॅकेटला रिकाम्या नेटवर्कात पहिल्या लिंकवर ४ अधिक १० आणि दुसऱ्या लिंकवर ४.७०६ अधिक २०, असे ३८.७०६ मिलिसेकंद लागतात. वरचं पॅकेट नोड १ वरून १.२३६ ला निघालं असेल तर एकूण ५६.९०६, वजा ३८.७०६, उरले १८.२. जुळलं. खऱ्या इंटरनेटवर लोक हेच करतात, आजवर दिसलेला सगळ्यात कमी आरटीटी (पॅकेट जाऊन उत्तर परत यायचा वेळ) पायाभूत धरायचा आणि वरचं सगळं रांगेच्या नावावर टाकायचं, टीसीपी वेगास (टीसीपीचा एक प्रकार) सुद्धा याच विचारावर चालतं. पण इथे ते जुळलं कारण वाटेत एकच रांग होती आणि सीबीआरची पॅकेटं सगळी एका मापाची. पॅकेटच्या साइज वेगवेगळ्या असतील तर प्रत्येकाचा पाया वेगळा, टीसीपीचं १०४० बाइटचं पॅकेट इथे ४.८९४ मिलिसेकंद घेतं. वाटेत तीन राउटर असतील तर रांग कुठे लागली ते कळायला मार्ग नाही. मधेच रूट बदलला तर पायाच सरकला. म्हणून सिम्युलेटरमध्ये क्यूवर थेट मोजायची सोय असताना वजाबाकीने मोजू नका असं मी आग्रहाने सांगतो.

स्क्रिप्ट लिहायला ऑक (awk, ओळीओळीने मजकूर वाचणारी छोटी भाषा) पुरतं, पायथन येत असेल तर तेही चालेल. तिसरा रकाना २ आणि चौथा ३ असलेल्याच ओळी घ्यायच्या, + दिसला की पॅकेट आयडीला किल्ली करून वेळ साठवायची, - दिसला की साठवलेली वेळ वजा करून फरक लिहून ठेवायचा. हे लिंकचं गाळण विसरलं की काय होतं, तेच आयडीचं पॅकेट आधी १ ते २ लिंकवर पण दिसतं, पुन्हा २ ते ३ वर पण, आणि एका लिंकचा + दुसऱ्या लिंकच्या - शी जोडला गेला की आकडे भलतेच येतात. किल्ली म्हणून टीसीपीचा सिक्वेन्स नंबर वापरायचा मोह होतो, तोही टाळा, कारण तेच सेगमेंट पुन्हा पाठवलं की सिक्वेन्स नंबर तोच राहतो आणि दोन वेगळी पॅकेटं एकमेकांत मिसळतात, पॅकेट आयडी मात्र नवीन मिळतो. एनएस-३ मध्ये जपून, तिथल्या पॅकेटच्या यूआयडीवर ब्रॉडकास्ट किंवा फ्रॅगमेंटेशन आलं की भरवसा ठेवता येत नाही, तिथे पॅकेटलाच टाइमस्टॅम्पचा टॅग चिकटवून द्यायचा आणि निघताना वाचायचा हे जास्त पक्कं.

स्क्रिप्ट बरोबर आहे का ते या नेटवर्कात दोन मिनिटांत तपासता येतं. पहिल्या सेकंदात फक्त सीबीआर आहे, पॅकेट दर ८ मिलिसेकंदांनी येतं आणि ४.७ मध्ये निघून जातं, म्हणजे कोणालाच थांबावं लागत नाही, + आणि - ची वेळ अगदी तीच हवी. तिथे शून्याऐवजी दुसरं काही आलं तर तुम्ही ट्रान्समिशन पण मोजताय. आणि एफटीपी सुरू झाल्यावर जास्तीत जास्त किती येऊ शकतं? दहाची क्यू, पुढे फार तर नऊ थांबलेली आणि एक लिंकवर जात असलेलं, प्रत्येकाला फार तर ४.८९४, म्हणजे काही झालं तरी ४९ च्या वर जाता कामा नये.

पण मग सरासरी कोणाची काढायची? सुरुवातीच्या सेकंदातली ती शंभरावर शून्यं सरासरीत धरली तर आकडा उगाच खाली येतो, आणि ती शून्यं गर्दीबद्दल काहीच सांगत नाहीत.

ड्रॉप झालेल्या पॅकेटचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे आणि यावर फार कमी लोक थांबून विचार करतात. एनएस-२ मध्ये + ची नोंद क्यूने पॅकेट घ्यायचं की टाकायचं हे ठरवण्याआधी होते, त्यामुळे ड्रॉप झालेल्या पॅकेटची पण + ओळ असते, मग लगेच डी. त्याची - ओळ कधीच येत नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये डी दिसला की ती किल्ली पुसून टाकायची आणि ड्रॉपचा आकडा एकाने वाढवायचा. शेवटी ज्या किल्ल्या उरतील ती सिम्युलेशन संपताना क्यूतच अडकलेली पॅकेटं, ती किती आहेत तेही बघा, जास्त असतील तर सिम्युलेशन फार लवकर बंद केलंय. आता विचार करा, क्यूची लांबी १० वरून ३ केली तर क्यूइंग डिले मस्त कमी दिसणार, कारण जी पॅकेटं लांब थांबली असती तीच दारातून परत गेली आणि मोजणीत आलीच नाहीत. डिले कमी झाला म्हणून आपली पद्धत चांगली, असं लिहिणाऱ्याने शेजारी ड्रॉपचं प्रमाण दिलं नसेल तर त्या ग्राफवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. आणि कोडेलसारख्या (रांग लांबू नये म्हणून मुद्दाम पॅकेट टाकणाऱ्या) पद्धतीत तर पॅकेट क्यूतून काढताना ड्रॉप होतं, म्हणजे ते पूर्ण वेळ थांबलं आणि मग टाकलं गेलं, त्याचा थांबलेला वेळ धरायचा की नाही हे तुम्ही ठरवा पण ठरवलं ते लिहा.

एनएस-३ मध्ये गोष्ट आणखी एका ठिकाणी फसते. तिथे ट्रॅफिक कंट्रोलचा वेगळा थर आहे, खऱ्या लिनक्ससारखा, आणि त्यातली क्यू डिस्क (म्हणजे त्या थराची रांग) तिच्यातून बाहेर पडणाऱ्या पॅकेटचा सोजर्न टाइम, म्हणजे आत थांबलेला वेळ, आपोआप सांगते, एक ट्रेस सोर्स जोडला की आकडे यायला लागतात. फार सोयीचं आहे. पण त्याच्या खाली नेटवर्क डिव्हाइसची स्वतःची अजून एक क्यू असते, पॉइंट टू पॉइंट डिव्हाइसला साधारणपणे १०० पॅकेटची ड्रॉपटेल. आणि वरची क्यू डिस्क भरायला तेव्हाच सुरुवात होते जेव्हा खालची डिव्हाइसची क्यू भरून ती थांब म्हणते. म्हणजे वर सोजर्न टाइम शून्य दिसतोय, तुम्ही खूश, आणि खाली १.७ एमबीपीएसच्या लिंकवर १०० पॅकेट गुणिले ४.७, म्हणजे ४७० मिलिसेकंदांची रांग लागलीय जी तुमच्या मोजमापात कुठेच नाही. आणि जी क्यू तपासायला कोडेल किंवा पाय (पीआयई, तशीच दुसरी पद्धत) लावलं, तिला कामच मिळत नाहीये. यावर उपाय दोन, डिव्हाइसची क्यू १ पॅकेटची करायची, नाहीतर दोन्ही क्यूंचे एन्क्यू डिक्यू ट्रेस घेऊन बेरीज करायची. मला पहिला उपाय आवडतो कारण मग रांग एकाच जागी लागते.

फ्लो मॉनिटरचं पण सांगून टाकतो, कारण एनएस-३ वापरणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. तो एका फ्लोच्या (एका पाठवणाऱ्याकडून एका घेणाऱ्याकडे जाणाऱ्या प्रवाहाच्या) सगळ्या पोचलेल्या पॅकेटच्या उशिराची बेरीज देतो, तिला पोचलेल्या पॅकेटच्या संख्येने भागलं की सरासरी. पण हा उशीर पाठवणाऱ्याच्या आयपी थरापासून घेणाऱ्याच्या आयपी थरापर्यंतचा, सगळे ट्रान्समिशन, सगळे प्रोपगेशन, वाटेतल्या सगळ्या क्यू आणि पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या मशीनवरची क्यू सुद्धा त्यात आली. एंड टू एंड डिले म्हणून तो उत्तम आकडा आहे. त्याला क्यूइंग डिले म्हणू नका.

काही जण पॅकेटच्या मागे न लागता क्यूची लांबी ठरावीक वेळाने बघतात, समजा दर ०.१ सेकंदाला, आणि तिची सरासरी काढतात. इथे एक बारकी गोष्ट आहे. सीबीआर दर ८ मिलिसेकंदांनी येतंय आणि आपण दर १०० मिलिसेकंदांनी बघतोय, १०० ला ८ ने भागलं की उरतात ४, म्हणजे आपण सीबीआरच्या चक्रातले नेहमी तेच दोन क्षण बघणार, एकदा हा एकदा तो, बाकीचे कधीच दिसणार नाहीत. म्हणून एक तर बघण्याच्या वेळा रँडम ठेवा, नाहीतर क्यूची लांबी प्रत्येक बदलाला वेळेने गुणून साठवत जा, एनएस-२ च्या क्यू मॉनिटरमध्ये असा इंटिग्रेटर जोडता येतो. दुसरं म्हणजे, वेळेवर काढलेली सरासरी आणि येणाऱ्या पॅकेटला दिसणारी सरासरी या एकच नव्हेत. पॅकेटं पॉयसन पद्धतीने, म्हणजे एकमेकांशी संबंध न ठेवता रँडम वेळी, येत असतील तर त्या सारख्या येतात, रोनाल्ड वोल्फ यांनी १९८२ मध्ये हे नीट मांडलं. पण टीसीपी झुंडीने येतं, झुंडीतल्या मागच्या पॅकेटला स्वतःच्याच भावंडांची रांग दिसते, त्यामुळे त्याचं थांबणं वेळेच्या सरासरीवरून वाटेल त्यापेक्षा जास्त असतं.

तरी लांबीवरून सरासरी डिले काढायचा एक पक्का मार्ग आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला. रांगेची वेळेनुसार सरासरी लांबी बरोबर आत शिरणाऱ्या पॅकेटचा दर गुणिले सरासरी थांबणं. पॅकेटं पॉयसनने येवोत की झुंडीने, याला फरक पडत नाही. समजा सरासरी ५ पॅकेट रांगेत होती आणि सेकंदाला २१० निघत होती, तर ५ भागिले २१०, साधारण २३.८ मिलिसेकंद. ट्रेस फाईलमधून पॅकेटनिहाय काढलेली सरासरी याच्या अगदी जवळ आली पाहिजे. नाही आली तर कुठेतरी गडबड आहे, आणि बहुधा ती या दोनातली एक असते, दरात ड्रॉप झालेली पॅकेटं पण धरलीत, किंवा लांबी मोजताना लिंकवर जात असलेलं पॅकेट धरलंय आणि वेळ मोजताना नाही.

अजून एक तपासणी मला फार आवडते, कारण ती हाताने करता येते. डेनिस लिंडली यांची १९५२ सालची रीत. पुढच्या पॅकेटचं थांबणं म्हणजे आताच्या पॅकेटचं थांबणं, अधिक आताच्याला लागणारा ट्रान्समिशनचा वेळ, वजा दोघांच्या येण्यातलं अंतर, आणि उत्तर शून्याच्या खाली गेलं तर शून्य धरायचं. ट्रान्समिशन ५ मिलिसेकंद धरा. पहिलं पॅकेट थांबत नाही. दुसरं ३ मिलिसेकंदांनी आलं, ० अधिक ५ वजा ३, थांबलं २. तिसरं परत ३ नी आलं, २ अधिक ५ वजा ३, थांबलं ४. चौथं १० नी आलं, ४ अधिक ५ वजा १०, शून्याखाली, म्हणजे थांबलंच नाही. ड्रॉप नसतील आणि रांग आधी येईल तो आधी अशी असेल तर ट्रेस फाईलमधली येण्याची वेळ घेऊन ही रीत चालवा, प्रत्येक पॅकेटचं उत्तर सिम्युलेटरशी जुळलं पाहिजे, सरासरी नाही, एकूण एक पॅकेट.

आणि मोठ्या सिम्युलेशनला हात घालण्याआधी एकदा एकच लिंक घेऊन ज्याचं उत्तर पुस्तकात आहे ते करून बघा. १ एमबीपीएसची लिंक, सरासरी १२५० बाइटची पॅकेटं, म्हणजे सेकंदाला १०० निघू शकतात. येणं पॉयसन, साइज एक्स्पोनेन्शिअल, बफर मोठ्ठा. लोड ५० टक्के असेल तर सरासरी थांबणं १० मिलिसेकंद यायला हवं, ८० टक्क्यांना ४०, ९० ला ९०, ९५ ला १९०, आणि ९९ ला ९९०. सगळ्या पॅकेटची साइज एकसारखी केली तर बरोबर याच्या निम्मं. तुमचा आकडा या ओळीवर बसला तर मोजणी बरोबर आहे, आणि ९० ला ९० च्या ऐवजी १०० आले तर लगेच ओळखा की ट्रान्समिशनचे १० मिलिसेकंद आत घुसलेत.

९५ आणि ९९ टक्क्यांना मात्र बहुतेकांचं जुळत नाही, आणि दोष स्क्रिप्टचा नसतो. सिम्युलेशन रिकाम्या क्यूने सुरू होतं, त्या रिकामेपणाची आठवण पुसायला वेळ लागतो, आणि तो वेळ लोडबरोबर भयंकर वाढतो. वरच्याच लिंकवर ५० टक्के लोडला ती आठवण विरायचं माप साधारण ०.१२ सेकंद आहे, ९५ ला ते जवळजवळ १६ सेकंद होतं आणि ९९ ला सुमारे ४०० सेकंद. म्हणजे ९९ टक्के लोड देऊन १०० सेकंदांचं सिम्युलेशन चालवलं तर क्यू अजून भरायच्या वाटेवरच असते, तिथला आकडा काही सांगत नाही. या मापाच्या कित्येक पट वेळ आधी नुसतं चालू द्यायचं, मग मोजायला सुरुवात करायची, आणि पुढे त्याहून खूप जास्त वेळ चालवायचं.

एकाच रनमधल्या एक लाख पॅकेटला एक लाख स्वतंत्र नमुने समजणं ही पण मोठी फसवणूक आहे, स्वतःचीच. एक पॅकेट ८० मिलिसेकंद थांबलं तर त्याच्या मागचंही जवळपास तेवढंच थांबणार, लिंडलीच्या रीतीतच ते दिसतं. त्यामुळे त्या लाखभर आकड्यांवरून काढलेला कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी ज्या पट्ट्यात असावी तो पट्टा) हास्यास्पद अरुंद येतो. एक रन म्हणजे एक सरासरी, एवढंच धरा. मग रँडम नंबर बदलून परत चालवा (एनएस-३ मध्ये सीड तोच ठेवून रन नंबर बदलायचा असतो), वीसएक रन करा आणि त्या वीस सरासऱ्यांवर इंटरव्हल काढा. रँडमपणा नसलेल्या सिम्युलेशनमध्ये तर आणखी धोका, ड्रॉपटेल क्यूवर दोन तंतोतंत नियमित फ्लो असतील तर वेळा अशा काही जुळून बसतात की सगळे ड्रॉप एकाच्याच वाट्याला येतात. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच हे दाखवून दिलं होतं, म्हणून सुरू होण्याच्या वेळा थोड्या इकडेतिकडे करा, एनएस-२ मध्ये सीबीआरला आणि टीसीपीला थोडा रँडम धक्का द्यायची सोयही आहे ती वापरा.

सरासरीवर थांबू नका हेही सांगायला हवं. त्याच लिंकवर ९० टक्के लोडला थांबणं आणि ट्रान्समिशन मिळून सरासरी १०० मिलिसेकंद, पण शंभरातलं सगळ्यात दुर्दैवी एक पॅकेट ४६० च्या वर गेलेलं असतं, आणि कॉलवर आवाज तुटतो तो याच पॅकेटमुळे. पर्सेंटाईल द्या, जमलं तर पूर्ण वाटणीचा ग्राफ द्या. दुसऱ्या टोकाला, सगळ्यात कमी आकडा पण बघा. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल मांडलं त्याचा गाभाच हा आहे, झुंड आली की रांग लागणारच, ती लगेच ओसरली तर काही बिघडत नाही, पण १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत एकदाही थांबणं ५ मिलिसेकंदांच्या खाली आलं नाही तर ती रांग कायमची मुक्कामाला आलीय आणि तिचा कोणालाच उपयोग नाही. सरासरी दोन्ही रांगांची सारखी येऊ शकते. म्हणून प्रत्येक १०० मिलिसेकंदांतला किमान थांबण्याचा वेळ काढून त्याचा एक वेगळा ग्राफ टाका, त्यात जे दिसतं ते सरासरीच्या ग्राफमध्ये कधीच दिसत नाही.

वायफायचं सिम्युलेशन असेल तर मात्र यातलं बरंच परत ठरवावं लागतं. एनएस-२ च्या वायरलेस ट्रेसमध्ये + आणि - नसतातच, तिथे पॅकेट राउटिंग थरातून कधी निघालं आणि मॅक थरातून (हवेत कधी पाठवायचं ते ठरवणाऱ्या थरातून) कधी पाठवलं गेलं यातला फरक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मॅकचा ट्रेस मुद्दाम चालू करावा लागतो. शिवाय रांगेच्या पुढे आलेलं पॅकेट हवा मोकळी व्हायची वाट बघतं, पाठवतं, टक्कर झाली की बॅकऑफ घेऊन (थोडा रँडम वेळ थांबून) परत पाठवतं, तेवढा वेळ मागची सगळी खोळंबलेली. आता दुसरी वेळ कुठे घ्यायची? पॅकेट रांगेच्या पुढे आलं तेव्हा, पहिल्यांदा हवेत गेलं तेव्हा, की ॲक (पोचल्याची पावती) मिळालं तेव्हा? मी रांगेच्या पुढे येईपर्यंतचा वेळ क्यूइंग म्हणून लिहितो आणि तिथून ॲक मिळेपर्यंतचा वेळ मॅक डिले म्हणून वेगळ्या रकान्यात देतो, कारण नोड वाढले की आधी दुसरा रकाना फुगतो आणि मग त्याच्यामुळे पहिला, आणि दोन्ही एकत्र केले तर कोण कोणामुळे वाढलं ते शोधता येत नाही.